हेडाऊंचं नाणं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आमचे प्राचार्यसाहेब, इतिहास परिषदेतर्फे मुद्दाम आलेले आणि व्यासपीठाची शोभा वाढवणारे ज्येष्ठ अभ्यासक, आजचे सत्कारमूर्ती प्राध्यापक दादाजी हेडाऊ, समोर पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या आमच्या इंदुवहिनी, सहकारी प्राध्यापक आणि प्राध्यापिका, कार्यालयातली मंडळी, आणि परीक्षा तोंडावर असताना सरांच्या प्रेमापोटी, निदान या सभागृहातल्या पंख्यांच्या प्रेमापोटी, इथं जमलेल्या विद्यार्थी मित्रहो, आपणां सर्वांना वामन येळणेचा नमस्कार.

शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र वाचून झालं. मानपत्राची भाषा फारच गोड होती. इतकी गोड, की ते ऐकताना सत्कारमूर्ती छताकडं बघत होते आणि मी सत्कारमूर्तींकडं. त्यात 'ज्ञानसूर्य' होतं, 'विद्यार्थ्यांचे कल्पवृक्ष' होतं. एक गोष्ट मात्र नव्हती आणि ती का नव्हती हे या व्यासपीठावरच्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. ती सांगायला मी उभा आहे. सर माझ्याकडं आत्ताच संशयानं बघून राहिले आहेत. बघू द्या. आज त्यांना बोलायचा अधिकार शेवटी आहे, आधी माझा आहे.

पहिल्यांदा थोडं माझ्याविषयी, म्हणजे आमच्या भांडणाविषयी. मी मौद्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. मी प्राचीन भारत शिकवतो. हेडाऊ विणकरांच्या घरचे, मूळचे उमरेडचे; ते ग्रीस शिकवतात. प्राध्यापकांच्या खोलीत आमची टेबलं समोरासमोर. आयुष्यभर माझं म्हणणं एकच: सिकंदर आला, लुटालूट केली, बियास नदीवर त्याच्या सैन्यानं पुढं जायला नकार दिला आणि तो मुकाट्यानं परत गेला. वळवाची गार पडली, वितळली, खाली काही उरलं नाही. ग्रीकांनी हिंदुस्थानाला काय दिलं? आणि आमच्या या विदर्भाशी तर त्यांचा संबंध काय? हेडाऊ चहाचा कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "वामन, तू सिकंदरापाशीच थांबून राहिला गा. गोष्ट त्याच्या मागून सुरू होते."

ती मागची गोष्ट ते कशी शिकवायचे, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऐकलेलं आहे. ज्यांनी नाही ऐकलं त्यांना आता ऐकायला मिळणार नाही, कारण विद्यापीठानं तो चौथा पेपर येत्या जूनपासून बंद केला आहे. विद्यार्थी मिळत नाहीत. म्हणजे आज आपण एका माणसाला निरोप देतो आहोत असं मानपत्रात लिहिलं असलं, तरी या महाविद्यालयातून आज अख्खा ग्रीस निवृत्त होतो आहे. त्याला मात्र शाल कोणी दिली नाही.

तर ती गोष्ट. सिकंदर परत फिरताना बल्खच्या मुलखात, आजच्या अफगाणिस्तानात, हजारो ग्रीक शिपाई मागं ठेवून गेला. राहायचं, शेती करायची, पहारा द्यायचा. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पुढं बाबिलोनला राजा वारल्याची बातमी आली, तशी त्या शिपायांनी सामान बांधलं आणि पायी घराकडं निघाले. घर म्हणजे समुद्राकाठचं गाव, अर्ध्या जगापलीकडं. वाटेत त्यांना अडवायला त्यांच्याच राज्याची फौज आली. शस्त्रं खाली ठेवा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं वचन झालं. त्यांनी शस्त्रं ठेवली. मग त्यांना कापून काढलं. इथं हेडाऊ थांबायचे, बोटांचा खडू झटकायचे, आणि खालच्या आवाजात सांगायचे, की साम्राज्य सिकंदरानं केलं असेल, पण ग्रीक संस्कृती पसरवली ती परतीची वाट बंद झालेल्या लोकांनी. जे उरले त्यांनी तिथंच नाटकगृहं बांधली, व्यायामशाळा बांधल्या, तिथल्याच बायकांशी लग्नं केली. कित्येक पिढ्यांनी त्यांच्यातला एक जण इकडं राजा झाला. ग्रीक त्याला मिनँडर म्हणतात, आपण मिलिंद म्हणतो. त्यानं नाणी पाडली. एका अंगाला त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या अंगाला ढाल घेतलेली त्यांची अथेना देवी आणि आपल्याकडच्या खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. महाराज, तारणारा, मिनँडर.

हे नाव लक्षात ठेवा. आता मी मूळ मुद्द्यावर येतो.

नागपुरात इतिहासाच्या लोकांत एक म्हण रूढ आहे. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही ती वापरता, मी व्हरांड्यात ऐकलेली आहे. एखादी गोष्ट येणार येणार म्हणून सांगतात आणि ती कधीच येत नाही, तिला 'हेडाऊंचं नाणं' म्हणतात. महागाई भत्ता म्हणजे हेडाऊंचं नाणं. पारशिवनीची गाडी म्हणजे हेडाऊंचं नाणं. ही म्हण जन्माला आली एकोणीसशे बासष्टच्या हिवाळ्यात, इतिहास परिषदेच्या अधिवेशनात. हेडाऊंनी तिथं निबंध वाचला, की मिनँडरचं चांदीचं नाणं पारशिवनी भागातल्या एका शेतात सापडलं आहे. पेन्सिलीनं कागदावर घासून घेतलेला ठसा दाखवला. उद्या नाणं सभेपुढं ठेवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी सभा वाट बघत बसली. नाणं आलं नाही. सभेतून बाहेर गेलेले हेडाऊही परत आले नाहीत. नुसता निरोप आला, नाणं उपलब्ध नाही. तेव्हा सभेत जो शब्द उच्चारला गेला तो 'थापाड्या' होता. उच्चारणाऱ्यांपैकी काही आज इथं आहेत. नाव घेत नाही, पाहुणे आहेत.

त्यानंतर हेडाऊंचा एकही निबंध कुठं छापला गेला नाही. प्रबंध दोनदा परत आला. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं विभागप्रमुख झाली, हे व्याख्यातेच राहिले. कोणी तोंडावर विचारलं तर म्हणायचे, "चूक झाली माझी." एवढंच. आता सेवापुस्तिका बंद होते आहे आणि माणसाच्या नावापुढं ती 'थाप' तशीच राहून चालली आहे. म्हणून मी सांगतो.

सर, हात खाली करा. मी थांबणार नाही.

हेडाऊंच्या थोरल्या भावाचं लुगड्यांचं दुकान आठवडी बाजारात लागायचं. घरच्या मागावरची लुगडी घेऊन ते पारशिवनीला जात, आणि दिवाळीच्या सुटीत आमचे प्राध्यापकही दुकानावर बसत. एकदा एक बाई लुगड्याचा काठ बघायला वाकली आणि तिच्या गळ्यातला टाक पुढं लोंबला. शहरातल्या मुलांसाठी सांगतो. एखाद्याची पहिली बायको वारली आणि त्यानं दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईचा आकार. सवत गळ्यात वागवायची, तिला रोज हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, म्हणजे ती रागावत नाही आणि लेकराबाळांवर येत नाही. या बाईच्या गळ्यातल्या टाकावर चेहरा होता, केसांना बांधलेल्या फितीची दोन टोकं मानेवर सुटलेली होती, आणि कडेनं झिजलेली ग्रीक अक्षरं होती.

बाईचं नाव तुळजाबाई. नवरा नत्थूजी. पहिली गोदूबाई वारली, तुळजाबाई घरात आली, आणि काही वर्षांनी नत्थूजीच्या नांगराला शेतात हे चांदीचं लागलं. सोनाराकडं टाक करायला टाकायचे पैसे नव्हते, आणि याच्यावर तर तोंड तयारच होतं. उलटून पाहिलं तर मागं ढाल घेतलेली बाई उभी. नत्थूजी म्हणाला, "गोदूनं सोताच आपलं तोंड धाडलं." सोनारानं वर कडी झाळून दिली आणि ते तुळजाबाईच्या गळ्यात गेलं. ज्याचं राज्य काबूलपासून पंजाबापर्यंत होतं, तो राजा विदर्भाच्या एका खेड्यात गोदूबाई होऊन हळदकुंकू घेत होता. हेडाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. मी अर्थातच म्हणालो, की खोटं आहे.

त्यांनी तुळजाबाईला नाणं चार दिवसांसाठी मागितलं. ती म्हणाली, "मले काढता नाही येत, मास्तर. दोन लेकरं गेले माह्ये. हे घातलं तवा हा जगला." कडेवर बाबूलाल होता, दीड-दोन वर्षांचा. "काढलं त मोठी बाई चूप नाही बसत." मग असं ठरलं, की तिनंच परिषदेला यायचं, गळ्यातल्या नाण्यासकट. लोकांनी बघावं आणि तिनं परत जावं. त्याला ती कबूल झाली. नागपूर पाहिलेलं नव्हतं तिनं.

ठरल्या दिवशी तिघं आली. परिषदेच्या सभागृहाबाहेर, व्हरांड्यात, खांबाला टेकून बसली. आणि त्यांच्याजवळ सोबतीला मी बसलो होतो. हेडाऊंनी मला म्हटलं होतं, तू माझा सगळ्यात मोठा विरोधक आहेस, तूच बघ. मी पाहिलं. तिनं पदर थोडा सरकवला, टाक उलटा करून धरला, मी चष्मा पुसून जवळ गेलो. त्रतरस मेनंद्रस. अक्षरं हळदीनं भरली होती, तरी वाचता आली. मंडळी, ज्याच्या विरोधात तुम्ही दहा वर्षं वाद घातलेला असतो, ते एखाद्या बाईच्या गळ्यात एवढ्याशा दोऱ्यावर लोंबताना दिसलं म्हणजे कसं वाटतं, ते मी तुम्हांला सांगू शकत नाही. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला.

आत सभेत प्रश्न निघाला. नुसतं बघून चालत नाही, वजन केलं पाहिजे. आणि कडी असताना वजन बरोबर येत नाही, तेव्हा कडी तोडावी लागेल. शास्त्र म्हणून यात काही चूक नव्हतं, मीही तेच म्हणालो असतो. हेडाऊ बाहेर आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी ते समजावून सांगितलं. तुळजाबाईनं पदर ओढून टाक झाकला. नत्थूजीला लाज वाटली. म्हणाला, "दे वं काढून. एवढे मोठे मानसं खोळंबून राहिले." तेव्हा तिनं लेकराला नवऱ्याकडं दिलं. मग काय वाटलं कोण जाणे, परत मांडीवर ओढून घेतलं, आणि दोन्ही हात मानेमागं नेऊन गाठ सोडायला लागली. गाठ जुनी, हळदीनं कडक झालेली. ती माझ्याकडं नाही, हेडाऊंकडंही नाही, पोराच्या तोंडाकडं बघत होती, जसं काही ते आत्ताच तापणार आहे.

हेडाऊ एवढंच म्हणाले, "राहू द्या बाई. घरी जा."

नत्थूजीला कळेना. मलाही कळेना. मी म्हटलं, दादाजी, तुझं आयुष्य आहे हे, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांनी ऐकलं नाही. तिघांना बसस्थानकावर नेलं, गाडीत बसवून दिलं. मी मागं मागं होतोच. गाडी हलल्यावर मला म्हणाले, "वामन, आत सांग, नाणं नाही म्हणून. आणि तू पाहिलं हे कोणाले सांगू नको गा. सांगितलं त उद्या सरकारी माणूस तिच्या दारात जाईल." खरं होतं ते. जमिनीत सापडलेलं जुनं नाणं सरकारजमा होतं, तसा कायदाच आहे. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी सभेत गेलो आणि निरोप सांगितला. मग तो शब्द उच्चारला गेला, आणि मी ऐकून घेतला, कारण तोंड उघडलं असतं तर त्या बाईचा गळा मोकळा झाला असता.

आज मी वचन मोडतो आहे असं कोणी समजू नये. वचन संपलं आहे. गेल्या दिवाळीनंतर बाबूलाल सरांकडं आला होता. चांगला उंचापुरा झालाय, अठरा-एकोणीसचा आहे. तुळजाबाई वारली. रिवाजाप्रमाणं टाकही तिच्या अस्थींबरोबर पेंच नदीत सोडला. "माय अन मोठी माय, दोघी संगच गेल्या मास्तर," असं तो सांगत होता. ज्या शेतात ते सापडलं, ते तर आधीच धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. म्हणजे आता नाणं नाही, शेत नाही, बाई नाही. बाबूलाल गेल्यावर सर म्हणाले, की मिनँडर वारला तेव्हा त्याच्या अस्थींसाठी त्याच्या शहरांत भांडण झालं आणि त्यांनी त्या वाटून घेतल्या, असं एका ग्रीकानं लिहून ठेवलंय. "एक वाटा आपल्या पेंचलेही भेटला म्हणायचा." हसले नाहीत.

आता प्रश्न उरतो, की काहून? त्या दुपारी त्यांनी असं काहून केलं? सुधारक विचारांचा माणूस, भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. आणि तिला बसमध्ये बसवून दिल्यावर, सभा खोळंबली असताना, हे गेले कुठं? सतरा वर्षं मी विचारत होतो. काल मला उत्तर मिळालं, पण त्यांच्याकडून नाही. आजच्या कार्यक्रमाचं सांगायला मी त्यांच्या नंदनवन वसाहतीतल्या घरी गेलो, सर बाहेर गेले होते. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "वामनभाऊ, उद्या तुमी बोलून राहिले न? मंग सांगून टाका सारं. माह्यासकट सांगा. ते काही सांगत नाही. मानूस उगाच खोटा ठरून बसला." वहिनी, तुमच्या परवानगीनं सांगतो. अजूनही नको वाटत असेल तर मान हलवा. नाही हलवत? बरं.

इंदुवहिनी दादाजींच्या दुसऱ्या पत्नी. पहिल्या कौसल्याबाई, लग्नानंतर वर्षाच्या आतच विषमज्वरानं गेल्या. वहिनी घरात आल्या तेव्हा सासूनं त्यांच्या गळ्यातही टाक घातला होता. दादाजींना ते आवडायचं नाही. मेलेल्या माणसाला असं गळ्यात बांधून ठेवू नये, त्यानं जिवंत माणूस भितो, असं ते समजावून सांगायचे. सासू वारल्यावर त्यांनी तो काढायला लावला आणि डबीत घालून कपाटात ठेवला. प्रेमानंच. पुढं वहिनींना सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ताप होता. दादाजींना ते पटलं. त्यांनी वहिनींनाही समजावलं. मला वहिनी म्हणाल्या, "मी काही म्हटलं नाही, भाऊ. म्हनून काय होते? ते शिकलेले. मी मान हलवली." पुन्हा मूल झालं नाही.

हे सारं परिषदेच्या आदल्याच साली घडलेलं. आणि त्या दिवशी भर दुपारी दादाजी घरी आले. वहिनी ताटं घासत होत्या. हे जोड्यांसकट आत गेले, कपाट उघडलं, डबी काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिकडं सभेत लोक घड्याळं बघत होते. त्यांनी विचारलं, "तुले भेव वाटत होतं काय वं?"

वहिनी म्हणाल्या, "हो."

मी विचारलं, मग? तर म्हणाल्या, "मंग काही नाही. लग्नापासून पहिल्यांदा विचारलं न त्यायनं. तिथंच खाली बसले, माह्याजवळ, राखेत. अंधार पडला तरी उठले नाही."

अध्यक्ष महोदय, मला दिलेली वेळ केव्हाच संपली आहे, आणि घंटी वाजवायला ठेवलेला हात तुम्ही मागं घेतलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आयोजकांनी मला बोलू दिलं, विद्यार्थ्यांनी शिट्ट्या न मारता ऐकून घेतलं, पाहुण्यांनी मान खाली घालून का होईना पण ऐकलं, त्या सर्वांचे आभार. वहिनी, तुमचे आभार मानण्याची माझी लायकी नाही. सर, तुमच्या घरातलं तुमच्या देखत बोललो, प्रसंगाचं भान सुटलं असेल, कुणाला टोचलं असेल, तर ते माझ्या वयावर घाला आणि पोटात घ्या. मी प्राचीन भारत शिकवतो. ग्रीकांचा विदर्भाशी काही संबंधच नव्हता, असं मी जन्मभर सांगत आलो, माझ्या पुस्तकातही तसंच छापलेलं आहे. ते खोडून घ्यावं. नाणं खरं होतं. मी पाहिलं आहे.